सोंडेवरून प्रबळगड चढावा का?

प्रश्न : आम्ही कामोठ्यातले चौघे मित्र. कलावंतीण दोनदा केला. यंदा डिसेंबरात प्रबळगडावर नेहमीची नाळ सोडून एखाद्या सोंडेने चढायचं मनात आहे. थंडीत धोका कमी ना?

उत्तर : पावसाळ्याच्या मानाने कमी, पण वेगळा. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलाय. त्यामुळे खालून सलग दिसणारी सोंड मध्येच उभ्या कातळटप्प्याने अडते. तोवर तुम्ही वाळलेल्या गवतावरून बरंच वर आलेले असता. हे गवत बुटाखाली तेल लावल्यासारखं सरकतं, त्याखाली सुटा मुरूम असतो. वाळकी कारवी धराल तर हातात येईल. चढलेला घसारा उतरणं त्याहून अवघड, म्हणून माझा नियम एकच : जे उतरता येणार नाही ते चढायचं नाही.

ढोरवाटा फसव्या, चाऱ्यापाशी संपतात. प्रबळमाचीतला जाणता वाटाड्या सोबत घ्याच. त्याने ‘तिकडून नको’ म्हटलं, तर वाद घालू नका. वनखात्याची परवानगीही आधी विचारा.

ठाकूरवाडीहून उजाडताच निघा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून दुपारी बाराला जिथे असाल तिथून परत फिरा. माणशी चार लिटर पाणी, हेडटॉर्च, पूर्ण बाह्यांचा शर्ट. कड्यावर आग्या मोहोळ असू शकतं : धूर, अत्तर, आरडाओरडा नको. मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरा.

दोर वापरता येत नसेल तर यंदा नाळेनेच जा, आणि माथ्यावरून ती सोंड नीट न्याहाळून या.