कितवीत आहे गं तुझा?

अगं, काल फोनवर तू रडवेली झालीस आणि मला हसू आलं. राग नको मानू. "ताई, शेजारचा पहिलीत चाललाय, हा त्याच्याहून दोनच महिन्यांनी लहान. मागे पडेल का गं?" हेच मी माझ्या लेकीच्या वेळी आईला विचारलं होतं.

आधी हिशेब. तुझ्या पिल्लाचा जन्म २० नोव्हेंबर २०२०. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत, म्हणजे २०२६च्या जूनमध्ये तो बसतो. पण शाळा उघडेल त्या दिवशी तो साडेपाचच्या जरासाच पुढे असेल. केंद्रीय विद्यालयात हीच ६ वर्षं ३१ मार्चला मोजतात, तिथे त्याला २०२७च उजाडेल. पोरगं तेच, नगरही तेच. (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात नगरच बसलंय.) ती अट कमीत कमी वयाची आहे, आमंत्रण नव्हे.

आणि वयाचं एवढं काय घेऊन बसलीस? आपल्या आजोबांची जन्मतारीख १ जून, त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जूनच. गुरुजींनी नाव घालताना जी टाकली ती.

तू म्हणतेस, तो किती हुशार बोलतो. बोलणारच. नागापुरातल्या तुमच्या दोन खोल्या, तुझ्या अहोंची एमआयडीसीतली शिफ्ट; नाईट असली की दिवसभर "शू, बाबा झोपलेत". समोर दुसरं पोर नाही, मग तो तुमचंच बोलणं उचलतो. मागच्या खेपेला मला म्हणाला, "मावशी, या महिन्यात ओटी कमी झालाय." ओव्हरटाइमचं बोलत होता! मी हसून लोटपोट! पण तोच पोरगा संध्याकाळी घसरगुंडीपाशी रांगेत उभा राहीना. आपल्या आधी दुसऱ्याचा नंबर असतो, हे त्याला घरात कुणी शिकवायचं? जेवताना मी आणखी एक पाहिलं. त्याने डबा नुसता तुझ्याकडे सरकवला आणि तू माझ्याशी बोलता बोलता झाकण काढून दिलंस. तुझं लक्षही नव्हतं.

एक वर्ष थांब असं मी का म्हणतेय, ऐक. माझी लेकही नोव्हेंबरची. तारखेत बसते म्हटल्यावर मी घातली पहिलीत. दिवाळीपर्यंत डबा रोज जसाच्या तसा परत. मी भाज्या बदलत राहिले, पोळीला तूप वाढवलं, रागावलेसुद्धा. शेवटी कळलं, तिला झाकणच उघडत नव्हतं, आणि बाईंना सांगायची लाज.

तुझ्या वेळी आई निवांत होती, कारण चुका करायला मी आधी होते. तुझं पहिलं तेच शेवटचं, म्हणून तो कितवीत हे तुला तुझंच प्रगतिपुस्तक वाटतं. राहू दे त्याला आणखी एक वर्ष मोठ्या शिशूत. मे महिन्यात महिनाभर माझ्याकडे पाठव. इथे चुलत-आते मिळून सात पोरं असतात, आंब्यावरून मारामाऱ्या होतात. पहिले दोन दिवस रडेल, तू फोन करू नकोस.

आणि घरमालकीणबाई "दुसरं कधी?" विचारतात ना, त्यांना चहा दे आणि विषय पाण्याच्या टाकीवर ने. गेल्या महिन्यापासून गळतेय म्हणाली होतीस.