विमानतळावरचं गिऱ्हाईक काय घेतं?

या आठवड्यात मुंबई विमानतळाचा व्हिडिओ टाकला, तर सेलूच्या एका ताईंनी विचारलं, "सर, परभणीला विमानतळ नाही, मग आम्हाला हे कशाला?"

ताई, आपल्या गावचा पोरगा देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जातो, तिथून विमानाने दुबईला. त्याच्या बॅगेत तुमचंच लोणचं असतं ना?

मुंबईचं टर्मिनल 2 2014 साली सुरू झालं. आत खानावळी, ड्युटी फ्री दुकानं, 'जय हे' नावाचं कलादालन, सगळं आहे. मला मात्र सगळ्यात हुशार वाटला तो बॅगेला प्लास्टिक गुंडाळून देणारा. तो प्लास्टिक विकत नाही, "बॅग फुटणार नाही" ही खात्री विकतो!

आता आपल्या मालाकडे या. परदेशी विमानात हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. पातळ चटणी, काकवी यांनाही तोच नियम. माझी स्वतःची काकवीची बाटली तपासणीत काढून घेतली होती, म्हणून सांगतो. आणि सुकं खोबरं? त्यात तेल असतं, पेट घेतं, म्हणून 2022 पासून चेक-इन बॅगेत ते चालत नाही. म्हणजे एक किलोच्या बरण्या छापून आणण्याआधी विचार करा, पैसे अडकतील. देशातल्या विमानात हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी 7 किलोची मर्यादा असते. त्यामुळे गिऱ्हाईक 200 ग्रॅमचं, कोरडं, न सांडणारं पाकीट पटकन उचलतं. आपल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' ही लोह-जस्त जास्त असलेली ज्वारी दिली आहे. तिच्या लाह्यांचा चिवडा करून बघा की!

जागा कुठे मिळेल? भारतीय विमानतळ प्राधिकरणाची 'अवसर' योजना आहे. त्यांच्या विमानतळांवर बचत गटांना 100 ते 200 चौरस फुटांची जागा पाळीपाळीने 15 दिवसांसाठी देतात. मुंबईचं विमानतळ खासगी कंपनी चालवते, तिथे ही योजना नाही. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ मात्र प्राधिकरणाचं आहे. परभणीहून रेल्वेने सरळ जाता येतं.

गटाने अर्ज करण्याआधी अन्न परवान्याची नोंदणी, पाकिटावर वजन, तारीख आणि घटक छापून घ्या. पंधरा दिवस काउंटरवर कोण बसणार, तेही आधीच ठरवा; गटात भांडणं तिथूनच सुरू होतात.