ब्लोअर आत्ताच चढव बघ

अगं, ‘ताई, ते धूड मला जमणार नाही’ असं परवा फोनवर म्हणालीस ना, ते काही मी मनावर घेतलेलं नाही. नवं घर, दोन लहान मुलं, नवरा आठवडाभर दौऱ्यावर, त्यात आधीच्या मालकांनी गॅरेजमध्ये सोडलेला गार्डन ट्रॅक्टर आणि ताडपत्रीखालचा तो स्नो ब्लोअर. जीव दडपणारच. पण बफलोच्या दक्षिणेला घर घेतलंस, म्हणजे ईरी सरोवराच्या वाऱ्याच्या वाटेतच आलीस. पाणी अजून कोमट असतं, वरून कडक गार वारा सुटतो आणि सरोवराची सगळी वाफ बर्फ होऊन आपल्या दारात उतरते. नोव्हेंबर 2022 मध्ये तुझ्याच भागातल्या ऑर्चर्ड पार्कला मोजक्या दिवसांत 80 इंचांच्या आसपास बर्फ पडला, तोही थँक्सगिव्हिंगच्या आधी. म्हणून डिसेंबरची वाट बघू नकोस. हातमोजे न घालता पाना धरता येतोय, तोवरच ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायचं हे काम उरकून घे.

खरं सांगू का, यात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा कर, ब्रेक लाव, किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेव आणि स्पार्क प्लगची वायर सोडव. पहिल्यांदा गवत कापायचा डेक निघाला पाहिजे. बेल्टला हात लावायच्या आधी तो कुठून कुठे गेलाय त्याचा फोटो काढून ठेव. मग डेक अगदी खाली घे, बेल्ट इंजिनच्या पुलीवरून उतरव, पिना काढ, पुढची चाकं पूर्ण एका बाजूला वळव आणि डेक खालून ओढून घे. पिना नि क्लिपा लगेच एका डब्यात घाल आणि डब्यावर ‘डेक’ असं लिहून टाक.

आता ब्लोअर. तो उचलायचा नाहीच गं! कंबर धरली तर सगळा हिवाळा अंथरुणात जाईल. चाकं लावलेल्या फळीवर ठेवून सरकव, नाहीतर सरळ ट्रॅक्टरच हळूहळू त्याच्यापाशी ढकलत ने. ट्रॅक्टरच्या चौकटीला जो ब्रॅकेट बसतो, त्याचे बोल्ट आधी सगळे नुसत्या हाताने फिरवून ठेव, पाना नको. एक घट्ट केलास की उरलेल्यांची भोकं जुळत नाहीत आणि मग माणूस रडकुंडीला येतो. सगळे बसले, की मग एकेक आवळत जा. बेल्टला पीळ पडलेला नाही ना, तो प्रत्येक पुलीच्या खाचेत नीट बसलाय ना, हे टॉर्च लावून बघ. बेल्ट जळल्याचा वास येतो तो बहुतेक इथल्याच घाईमुळे.

तुझा ड्राइव्हवे खडीचा आहे, म्हणून इथे जरा थांबते. ब्लोअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात, त्यांना स्किड शू म्हणतात. ब्लोअरची कड जमिनीपासून किती वर राहणार, ते त्यांच्यावर ठरतं. खडीवर ती इंचभर तरी वर ठेव. खाली थोडा बर्फ राहतो तर राहू दे. कड जमिनीला टेकली, तर दगड उडून शेजाऱ्यांच्या गाडीच्या काचेवर जातील. दोन्ही शू सारखेच हवेत आणि टायरमधली हवाही सारखीच, नाहीतर ब्लोअर एका अंगाला कलतो.

पुढे एवढं ओझं टांगलं, की मागची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरत बसतात. त्यामुळे मागे वजनं लावायची आणि टायरना साखळ्या. साखळ्यांशिवाय बाहेर पडू नकोस, विशेषतः तुझ्या त्या उतारावर.

आणि शिअर पिना! गोठलेलं वर्तमानपत्र किंवा लाकडाचा ओंडका ऑगरमध्ये, म्हणजे बर्फ आत ओढणाऱ्या फिरत्या पात्यात, अडकला, की ही पिन मुद्दाम तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या फ्यूजसारखंच काम आहे तिचं. तुटली तर घाबरू नकोस, दुसरी घाल. पण हार्डवेअरच्या दुकानातला जाडजूड साधा बोल्ट तिथे कधीही घालायचा नाही. तो तुटणार नाही, आतली दातेरी चाकं तुटतील आणि खर्च तोंडचं पाणी पळवेल.

आता ही एक गोष्ट मी दटावूनच सांगणार. ओला बर्फ च्यूटमध्ये, म्हणजे बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळकांड्यात, अडकतोच. अडकला, की आधी ब्लोअर बंद, मग इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं पूर्ण थांबू दे आणि मगच काठीने मोकळं कर. हात घालायचा नाही, हातमोजा घातलेला असला तरी नाही. इंजिन बंद असतानाही आत ताण साठलेला असतो. अडथळा निघताच पातं झटका देतं आणि बोटं जातात गं. ती काठी ट्रॅक्टरलाच बांधून ठेव, म्हणजे शोधाशोधीत हात पुढे जाणार नाही. मुलं तेव्हा घरातच हवीत, खिडकीतून बघू देत.

सगळं जोडून झालं, की स्पार्क प्लगची वायर परत लाव आणि ट्रॅक्टर अंगणात काढून एकदा कोरडाच चालवून बघ. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करायचं नाही, त्या धुराला घरात शिरायला वेळ लागत नाही. च्यूट दोन्हीकडे वळतो का, ब्लोअर वर-खाली होतो का, कुठे खडखड ऐकू येते का, ते बघ. मग इंजिन बंद करून सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळ. जमीन गोठायच्या आत ड्राइव्हवेच्या कडेने उंच काठ्या ठोकून ठेव. बर्फ साचला की गुलाबाचे वाफे कुठे नि वाट कुठे, काही कळत नाही.

बर्फ पडल्यावर इंजिन पूर्ण वेगात आणि ट्रॅक्टर गोगलगायीच्या चालीने, एवढं लक्षात ठेव. रस्त्यावरचा प्लाऊ तुझ्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो घट्ट ढीग लोटून जाईल, तो एका दमात घ्यायला जाऊ नकोस, अर्ध्या रुंदीने कुरतडत जा. आणि तो बर्फ रस्त्यावर परत टाकायचा नाही, आपल्याकडे न्यूयॉर्क राज्यात ते कायद्यात बसत नाही.

शनिवारी सकाळी मुलांचं खाणं झालं की डेक काढायला घे. अडलीस तर व्हिडिओ कॉल लाव, मी पाना हातात घेऊन इकडे बसलेलीच असेन. आज मात्र सीटखालचा मॉडेल नंबर आणि ब्लोअरवरचा नंबर, दोन्ही लिहून घे आणि शिअर पिनांचं पाकीट मागवून टाक. पहिला बर्फ पडला, की दुकानातून त्याच आधी संपतात.