गाडी सुरू होत नाही तेव्हा

काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात एका दुर्गम तालुक्याच्या दौऱ्यावर असताना घडलेला प्रसंग आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात लसींची शीतपेटी जीपमध्ये ठेवून परिचारिका बसल्या होत्या. सात मैलांवरील वाडीत माता आपली बालके घेऊन सकाळपासून थांबल्या होत्या. चालकाने किल्ली फिरविली, एक बारीकसा ‘टक्’ असा आवाज झाला आणि सर्व शांत झाले. चिखलामुळे गाडीस धक्का मारणेही अशक्य होते. बॅटरी संपली असा सर्वांनीच निष्कर्ष काढला व नवी बॅटरी आणण्यासाठी तालुक्याच्या गावी माणूस धाडण्यात आला. दोन तासांनंतर एस. टी.च्या आगारातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ सहज तेथे आले. त्यांनी बॅटरीवरील तारेचे टोक बोटांनी धरून पाहिले, तर ते सैल फिरले. “साहेब, बॅटरीत जीव आहे. वाटच बंद झालीय,” एवढेच ते म्हणाले. टोक काढून, घासून त्यांनी पान्ह्याने आवळले आणि जीप सुरू झाली. आम्ही वाडीत पोहोचलो तेव्हा निम्म्याहून अधिक माता लावणीच्या कामावर निघून गेल्या होत्या.

मोटारीचे इंजिन स्वतः होऊन फिरू लागत नाही. प्रथम त्यास बाहेरून फिरवावे लागते. पूर्वी हे काम लोखंडी हँडल मारून करीत असत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने 1911 साली विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला व 1912 च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसविण्यात आला. आपल्या बोलण्यातील ‘सेल्फ’ तो हाच. इंजिन फिरविताना तो शंभर-दोनशे अँपियर, डिझेल गाडीत त्याहूनही अधिक प्रवाह ओढतो. दिव्यास वा हॉर्नला मात्र काही थोडे अँपियर पुरतात. ‘दिवा लागतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा सार्वत्रिक समज यामुळेच फसवा ठरतो. सैल किंवा गंजलेल्या जोडातून दिव्यापुरती वीज जाते, स्टार्टरपुरती जात नाही.

म्हणून प्रथम कान द्यावा. किल्ली फिरविताच ‘टकटकटक’ असा जलद आवाज येत असेल, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा जोड खराब असतो. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन इंजिन हलत नसेल, तर स्टार्टर, त्याचा सॉलिनॉइड अथवा जाड तारा यांकडे लक्ष द्यावे. काहीच आवाज नसेल, तर किल्लीचा स्विच, फ्यूज किंवा रिले यांचा संशय घ्यावा; स्वयंचलित गिअरची गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये नसली, तरीही असेच घडते. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरते पण पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरीस दोष देण्यात अर्थ नाही. दोष इंधन वा प्रज्वलन यांच्या बाजूस असतो.

दुसरी चाचणी पुढील दिव्यांची. दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे पार मालवत असतील, तर बॅटरी अशक्त किंवा जोड सैल समजावा. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ गप्प राहिला, तर वीज स्टार्टरपर्यंत जातच नाही, असे ओळखावे.

जोडांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण अनुभवास येणारे बरेचसे खोळंबे येथेच उद्भवतात. टर्मिनलवर साचणारी पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड म्हणजे आम्लामुळे धातूवर आलेले क्षार होत. ते खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवावेत, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, टोके घासून चकचकीत करावीत व आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावावे. तारा काढताना ऋण टोक आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. अन्यथा पान्हा गाडीच्या पत्र्यास लागून ठिणगी उडते. इंजिन व सांगाडा यांना जोडणारी अर्थची पट्टी तर बहुतेकांच्या ध्यानातही नसते. ती तुटली असता नवी कोरी बॅटरीही निरुपयोगी ठरते.

कार्यालयात साधा मल्टिमीटर असल्यास निदान अधिक नेमके होते. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते; 12.2 म्हणजे ती जवळपास अर्धी उतरली. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असता तो साधारण 13.8 ते 14.4 असावा. तो 12 च्या आसपासच राहिला, तर अल्टरनेटर बॅटरी भरीत नाही आणि बॅटरी बदलूनही दोन दिवसांत तोच प्रसंग ओढवेल.

अनेक कार्यालयांच्या आवारात गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. उभ्या गाडीतही घड्याळ, कुलूपयंत्रणा आदींसाठी थोडी वीज खर्च होतच असते. समजा, 50 मिलिअँपियर प्रवाह सतत वाहत आहे. महिन्यात 36 अँपियर-तास खर्ची पडतात. म्हणजे 60 अँपियर-तासांची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी होते. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

दुसऱ्या गाडीची वीज घेताना दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्याच आहेत, याची खात्री करावी. अवजड ट्रक व बसगाड्यांत बहुधा 24 व्होल्ट असतात. लाल तार आधी उतरलेल्या, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकास लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. अशा वेळी भोवती जमलेल्या मंडळींपैकी कोणाच्या हाती विडी असेल, तर ती प्रथम विझवावयास लावावी.

जळालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी कागद बसविण्याची युक्ती सर्रास आढळते. तिने गाडी सुरू होते खरी, परंतु पुढे दोष फ्यूजऐवजी वायरिंग जाळतो. तेवढ्याच अँपियरचा नवा फ्यूज लावावा, आणि तोही लगेच उडाला, तर गाडी तेथेच थांबवून वायरमनकडे सोपवावी.