बदकाच्या पिलांचें खाद्य, आणि घांस अडकल्यास काय करावें

वारणेच्या कांठचा आपला मुलूख पाण्याचा आहे. वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्यामुळें ऊस व दूधसंघामुळें म्हैस, अशीं दोन उत्पन्नें येथील शेतकऱ्याच्या घरीं स्थिर झालीं आहेत. त्यांच्या जोडीस चार बदकें पाळावीं, असें ज्यांच्या मनांत येतें त्यांच्यासाठीं हा पाठ आम्ही लिहीत आहों. अंड्यांकरितां पाळलेली खाकी कॅम्पबेल जातीची चांगली बदकी वर्षास ३०० च्या आसपास अंडीं देते. म्हणून हा धंदा हौसेचाच आहे असें कोणी समजूं नये.

बंगाल, आसाम व केरळ या प्रांतांत बदकें पाळण्याची विद्या पिढीजात आहे. आपल्याकडे ती तशी नसल्यामुळें मनुष्य कोंबडीच्या पिलांचे नियम बदकाच्या पिलांस लावतो, आणि नुकसानीची सुरुवात येथेंच होते. पिलूं खातां खातां मान ताणतें, डोकें झाडतें, चोंच वासून उभें राहतें. घरची मंडळी घाबरून त्याच्या तोंडांत पाणी ओततात, आणि वाचणारें पिलूं हातांत मरतें. हें टाळणें कठीण नाहीं. त्याचें सर्व मर्म एका वाक्यांत सांगतां येतें: बदकाच्या पिलापुढें खाद्य असेल तेव्हां शेजारीं पाणी असलेंच पाहिजे.

गळ्याची रचना.— कोंबडीच्या गळ्याखालीं अन्नाची स्पष्ट पिशवी असते. तींत दाणा सांठतो व भिजतो. बदकास तशी वेगळी पिशवी नसते. त्याची अन्ननलिकाच मानेच्या खालच्या भागीं कांहींशी रुंदावलेली असते. बदकाच्या चोंचीच्या कडेस चाळणीसारखे दांते असतात, ते पाण्यांतून अन्न गाळून घेण्यासाठीं. अर्थात् त्याचें खाणें मूळचेंच ओलें. कोरडी पिठूळ भुकटी त्याच्यापुढें ठेविली म्हणजे ती लाळेनें चिकट होऊन चोंचीस व घशास लिंपते, आणि पिलूं घाईनें आणखी गिळूं लागलें कीं गोळा बनतो. दुसरी गोष्ट अशी कीं, श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मागेंच असतें, आणि माणसास त्यावर जें झांकण असतें तें पक्ष्यांस नसतें. वरून ओतलेलें पाणी सरळ फुप्फुसांत जाण्याचें भय यामुळेंच असतें.

पाणी.— भांडें इतकें खोल असावें कीं, पिलास नाकपुड्यांपर्यंत चोंच बुडवितां यावी. परंतु त्यांत अंग बुडूं नये. पहिल्या आठवड्यास दोन इंच खोलीचें पाणी पुरतें. नाकपुड्या धुतल्या गेल्या नाहींत तर भरडा त्यांत वाळून बसतो व डोळेही चिकटतात. पसरट थाळींत मधोमध दगड ठेविल्यास पिलें आंत बसत नाहींत. आईविना वाढणाऱ्या पिलांस पहिले तीन आठवडे पोहण्यास सोडूं नये. त्यांची लव भिजते व तीं गारठून मरतात. पहिल्या आठवड्यांत ऊब २९ ते ३२ अंश सेंटिग्रेड ठेवावी व पुढें दर आठवड्यास सुमारें ३ अंश कमी करीत जावें. रात्रीं पाणी काढून घेतल्यास खाद्यही काढावें. पाणी नसतां खाद्य ठेवणें हीच घांस अडकण्याची मुख्य वाट आहे.

खाद्य.— अंड्यांतून निघालेल्या पिलाच्या पोटांत बलकाचा अंश शिल्लक असतो. म्हणून तें पहिल्या दिवशीं खात नाहीं यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. प्रथम पाणी दाखवावें, एकदोघांची चोंच त्यांत हलकेच टेकवावी, आणि मग खाद्य मांडावें. खाद्य बारीक दाणेदार असावें, किंवा भरडा पाण्यानें असा ओलवावा कीं, मुठींत दाबला असतां गोळा व्हावा व सोडतांच फुटावा. फार पातळ केल्यास अंग माखतें. फार घट्ट केल्यास गळ्यांत बसतो. दिवसांतून चार पांच वेळां थोडथोडें द्यावें. भुकेनें आसुसलेलें पिलूं हावरेपणानें गिळतें. वेळेवर खाणारें गिळत नाहीं. उरलेला ओला भरडा आंबण्यापूर्वीं काढून टाकावा.

पहिल्या दोन आठवड्यांच्या खाद्यांत शेंकडा २२ च्या सुमारास प्रथिनें असावीं. मासल्यादाखल १०० भागांचें मिश्रण असें: मक्याचा बारीक भरडा ५०, सोयाबीनची पेंड २८, भाताचा बारीक कोंडा १२, मासळीची भुकटी ७, खनिज मिश्रण अडीच व मीठ अर्धा भाग. मासळी खारवलेली असल्यास मीठ मुळींच घालूं नये, व फार खारट मासळी वापरूंच नये. मिठाचें विष पिलांस लवकर चढतें. शिवाय नायसिन नांवाचें जीवनसत्त्व बदकाच्या पिलांस कोंबडीच्या पिलांपेक्षां अधिक लागतें. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या कोष्टकांत मांसाच्या कोंबडीच्या पिलांस दर किलो खाद्यांत ३५ मिलिग्रॅम, तर पेकिन बदकांस ५५ मिलिग्रॅम सांगितलें आहे. तें कमी पडल्यास पाय वांकडे होतात. वाळलेलें यीस्ट खाद्यांत मिसळल्यानें ही उणीव भरून निघण्यास मदत होते. औषध मिसळलेलें कोंबडीचें खाद्य मात्र पशुवैद्यास विचारल्यावांचून देऊं नये.

हिरवा चारा द्यावयाचा तर लसूणघास कोंवळा असतां अगदीं बारीक चिरून द्यावा. लांब काडी जिभेस गुंडाळते अथवा नळींत अडकते. चारा सुरू केल्यावर जाड वाळू वेगळ्या भांड्यांत ठेवावी. शिळी भाकरी, पाव, भाताचे गोळे हीं चिकट अन्नें पिलांपुढें टाकूं नयेत. गोठ्याजवळ पडणारी सुतळी, खतपोत्यांचे दोरे, चुका व तारांचे तुकडे रोज झाडून काढावे. पिलूं तीं सर्व चोंचींत घेतें.

बुरशीचें भय.— घशांत अडकलेला घांस एका पिलास मारील. बुरसलेली पेंड सर्व कळप मारील. १९६० सालीं इंग्लंडांत टर्की पक्ष्यांचीं एक लाखाहून अधिक पिलें दगावलीं. कारण शोधतां ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींतील बुरशीचें विष सांपडलें. त्यासच पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव मिळालें. हें विष बदकाच्या पिलांस इतकें लवकर बाधतें कीं, त्याची परीक्षा करण्यासाठीं शास्त्रज्ञ त्यांचाच उपयोग करूं लागले. आपल्याकडे भुईमूग व मका हीं दोन्हीं घरचीं पिकें. म्हणून पावसाळ्यांत दमट कोपऱ्यांत ठेविलेली पेंड ‘जनावरांस चालत नाहीं तर बदकांस घाला’ असें कोणीही म्हणूं नये. शिजविल्यानें हें विष नाहींसें होत नाहीं.

घांस अडकल्यास.— प्रथम पिलूं श्वास घेत आहे कीं नाहीं हें पाहावें. डोकें झाडणें, मान पुढें-वर ताणणें, दोनतीन वेळां आवंढा गिळणें, इतकेंच असल्यास त्यास हात लावूं नये. खाद्य दूर करावें, पाणी जवळ आणावें व शांत राहावें. बहुतेक वेळां एकदोन मिनिटांत घांस आपोआप खालीं उतरतो.

तसें न झाल्यास पिलास पंख न दाबतां, उभ्या स्थितींत हातांत धरावें आणि उजेडांत चोंच हलकेच उघडावी. गोळा समोर दिसत असेल तरच स्वच्छ ओल्या फडक्यानें किंवा बोथट चिमट्यानें बाहेर ओढावा; आंत ढकलूं नये. मानेंत गांठ लागत असल्यास बोटाच्या टोंकानें ती अगदीं हलक्या हातानें चोळावी, म्हणजे ओला गोळा फुटतो. चोंचीच्या कडेस पाण्याचा एक थेंब लावावा; पिलूं स्वतः गिळील तरच दुसरा. पिलास उलटें टांगणें, पाठीवर चापट मारणें व तोंडांत पाणी किंवा तेल ओतणें हीं तिन्हीं कामें वर्ज्य समजावीं. चोंच निळसर पडूं लागली, पाव तासांत आराम पडला नाहीं, किंवा गांठ दुसऱ्या सकाळींही तशीच राहिली, तर पशुवैद्याकडे न्यावें. बरें झालेल्या पिलास तासभर खाद्य देऊं नये. नंतर पातळ भरडा द्यावा. वेगळें ठेवावयाचें असल्यास सोबतीस एक पिलूं असावें, कारण एकटें पिलूं ओरडून थकतें.

दिसण्यांत सारखे, परंतु निराळे विकार.— खाण्याच्या वेळेशीं संबंध नसतां अनेक पिलें चोंच उघडून धापा टाकूं लागलीं, तर प्रथम ऊब फार झाली आहे काय तें पाहावें. दिव्यापासून दूर पळणारीं पिलें हेंच सांगत असतात. ऊब ठीक असूनही धाप राहिली, तर अंथरण हुंगावें. ओल्या पाचटाची किंवा तुसाची बुरशी श्वासावाटे फुप्फुसांत बसते. असें अंथरण तत्काळ बदलावें. चार आठवड्यांच्या आंतील पिलें एकाएकीं पडून, मान पाठीकडे वळवून मरूं लागलीं, तर तो यकृताचा संसर्गजन्य रोग असूं शकतो. अशा वेळीं घसा चोळीत न बसतां उरलेलीं निराळीं करावीं व त्याच दिवशीं वैद्यास बोलवावें.

शेतकरी बंधूंनीं पिलें आणण्यापूर्वींच पाण्याचें भांडें, कोरडें अंथरण व ताजें खाद्य यांची तजवीज करावी. या तीन गोष्टी ज्याच्या घरीं नीट आहेत त्यास घांस अडकल्याची धांवपळ क्वचितच करावी लागेल. आणि केव्हां करावीच लागली तरी तो हात आवरून आधीं नीट पाहील, एवढें या पाठांतून साधलें तरी पुष्कळ पिलें वांचतील.