जिंकत नसलेला संघ आपला मानायचा का? : रणजी हंगामाची वही

इयत्ता : ६ वी ते ८ वी
विषय : गणित, भूगोल, मराठी
साहित्य : एक शंभर पानी वही, भारताचा नकाशा, वर्तमानपत्राचं क्रीडा पान किंवा मोबाईल
कालावधी : दिवाळीच्या आसपास सुरू, फेब्रुवारी-मार्चपर्यंत



"तुझी टीम कोणती?" असं मुलांना विचारलं की उत्तरं पटापट येतात. मुंबई, चेन्नई, बेंगळुरू. कप दुसऱ्या कोणी जिंकला की काहींचं उत्तर पुढच्या वर्षी बदलतं. मग दुसरा प्रश्न विचारून बघा : "आपल्या कोरीटचा पोरगा चांगला खेळायला लागला, तर तो रणजीमध्ये कोणत्या संघाकडून खेळेल?" इथे वर्ग शांत होतो. बहुतेक जण मुंबई म्हणतात.

बरोबर उत्तर आहे : महाराष्ट्र. आपल्या एका राज्यातून रणजीमध्ये तीन संघ खेळतात : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. मुंबई परिसर आणि विदर्भ सोडून राहिलेल्या भागाचा संघ तो 'महाराष्ट्र'. त्याचं मुख्य ठिकाण पुणे. आपला नंदुरबार जिल्हा याच संघाच्या भागात येतो. आपल्याला पुण्यापेक्षा सुरत जवळ, पण संघ मात्र पुण्याचा. नकाशावर तिन्ही भाग वेगवेगळ्या रंगांनी रंगवून घ्या. भूगोलाचा पहिला तास इथेच होतो.

काउंटी म्हणजे काय?

असा भागाचा संघ धरून राहायची पद्धत इंग्लंडमध्ये फार जुनी आहे. तिथे काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. अशा १८ काउंट्यांचे क्लब प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळतात आणि त्यांची अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा १८९० पासून चालू आहे. आपल्या सचिन तेंडुलकरला १९९२ मध्ये यॉर्कशायरने घेतलं. बाहेरच्या देशातला तो त्यांचा पहिला खेळाडू. श्रीरामपूरचा झहीर खान भारतीय संघाबाहेर असताना २००६ मध्ये वूस्टरशायरकडून खेळला आणि त्या मोसमात त्याने ७८ बळी घेतले. नंतर तो भारतीय संघात परतला.

पण मुलांना सांगायची खरी गोष्ट चाहत्यांची आहे. सॉमरसेट हा क्लब १८९१ पासून या स्पर्धेत आहे. आजपर्यंत एकदाही तो अजिंक्य ठरलेला नाही. २०१० मध्ये तर सॉमरसेट आणि नॉटिंगहॅमशायर यांचे गुण अगदी सारखे झाले. नॉटिंगहॅमशायरचे विजय जास्त होते, म्हणून करंडक त्यांच्याकडे गेला. तरीही सॉमरसेटची माणसं दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा मैदानावर येऊन बसतात. आजोबांनी वाट पाहिली, बापाने पाहिली, आता नातू पाहतोय.

रणजी करंडकाचं नावही या काउंटी क्रिकेटशी जोडलेलं आहे. रणजितसिंहजी ससेक्स काउंटीकडून खेळायचे, तिचे कर्णधारही होते. त्या ससेक्सला पहिलं अजिंक्यपद कधी मिळालं? २००३ साली. फळ्यावर वजाबाकी करून घ्या : १८९० पासून ११३ वर्षं.

आपल्या संघाची कहाणी

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राने ती १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. कर्णधार होते दि. ब. देवधर. ते पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवायचे, म्हणजे आपल्याच पेशातले. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीला टेकलेलं होतं.

त्यानंतर आजपर्यंत महाराष्ट्राला रणजी करंडक मिळालेला नाही. अंतिम सामन्यापर्यंत संघ पोहोचला : १९७०-७१ मध्ये मुंबईकडून हरला, १९९२-९३ मध्ये पंजाबकडून, २०१३-१४ मध्ये कर्नाटककडून. त्या शेवटच्या हंगामात केदार जाधवने १२२३ धावा केल्या होत्या, स्पर्धेत सर्वात जास्त. तरी करंडक आला नाही. दरम्यान शेजारच्या विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये करंडक नेला. मुंबईचे तर ४२ झाले.

आणि भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही. डिसेंबर १९४८, पुणे. काठियावाडविरुद्ध निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि महाराष्ट्र ४ बाद ८२६. तेव्हाचा जागतिक विक्रम ब्रॅडमन यांचा, नाबाद ४५२. विक्रम मोडायला फक्त १० धावा हव्या होत्या. काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला, सामना सोडून दिला. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. पण भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वात मोठी खेळी आजही तीच आहे. "हे बरोबर झालं का?" एवढा एकच प्रश्न मुलांना द्या आणि दहा ओळी लिहायला सांगा. मराठीचा तास मुलंच चालवतील.

वही कशी मांडायची?

महाराष्ट्राच्या प्रत्येक साखळी सामन्याला एक पान. सध्या गटात सात सामने होतात. पानावर पाच गोष्टी : कोणाशी, कुठे, दोन्ही डावांच्या धावा, निकाल, मिळालेले गुण. सामन्याचं ठिकाण नकाशावर शोधून तिथे टिंब काढायचं. रोज फक्त पाच मिनिटं, परिपाठानंतर.

गुण असे मिळतात :
- निर्णायक विजय : ६
- डावाने किंवा दहा गडी राखून विजय : ७
- अनिर्णित, पण पहिल्या डावात आघाडी : ३
- अनिर्णित, पहिल्या डावात पिछाडी : १
- पराभव : ०

आता हे उदाहरण सोडवायला द्या. (आकडे मुद्दाम तयार केलेले आहेत.) अ संघाने ३ सामने साधे जिंकले, ४ हरले. ब संघाने १ साधा जिंकला, ४ सामन्यांत आघाडी घेऊन बरोबरी केली, २ सामन्यांत पिछाडीवर राहून बरोबरी केली. गुण कोणाचे जास्त? अ चे १८, ब चे ६ + १२ + २ = २०. एकच विजय मिळवणारा संघ वर गेला! "मग चांगला संघ कोणता?" यावर दोन गट पाडून वाद घालू द्या. ब संघ एकदाही हरला नाही, हे कोणी तरी बोलेलच.

चार दिवसांच्या सामन्याचा आणखी एक फायदा. पहिल्या दिवशी आपला संघ १५० धावांत बाद झाला तरी वही मिटायची नाही. उरलेल्या तीन दिवसांत काय काय होऊ शकतं, ते मुलांनी लिहायचं. चाचणीत कमी गुण पडले की "मला गणित येतच नाही" म्हणणाऱ्या पोरासाठी हे पान फार कामाचं आहे. पहिला डाव गेला, दुसरा अजून बाकी आहे, हे त्याला आकड्यांत दिसतं.

शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा

हा हंगाम नेमका कधी असतो बघा. दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, सध्या मध्ये खंड पडून जानेवारीत पुढचा भाग होतो. आपल्या जिल्ह्यातली कित्येक कुटुंबं याच दिवसांत ऊसतोडीला गुजरातकडे, बारडोली-सुरत भागात जातात. आई-बापाबरोबर मुलंही जातात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रिकामे चौकोन वाढत जातात, आणि फाल्गुनात परत आलेलं पोर वर्गात पाहुण्यासारखं बसतं.

म्हणून वहीची एक छोटी प्रत जाणाऱ्या मुलाबरोबर द्या. बापाच्या मोबाईलवर स्कोअर दिसतोच. त्याने तिकडे पानं भरायची, वर्गाने इकडे. आठवड्यातून एकदा फोन करून दोन्हीकडचे आकडे जुळवायचे. एखाद्या सामन्याची जबाबदारी पूर्ण त्याच्यावर सोपवा : "बडोद्याविरुद्धचं पान तू सांगायचं, आम्ही लिहून घेऊ."

पालकहो, तुम्हाला एवढीच विनंती : तो फोन पाच मिनिटं त्याच्या हातात द्या. शाळेत त्याच्या नावाचं पान उघडं ठेवलेलं आहे, हे त्याला कळलं पाहिजे.