महाविद्यालयाची नोंद : काय घ्यावे, काय वगळावे



यंदा नववीच्या वर्गाला आम्ही एक काम दिले होते. जवळच्या एखाद्या महाविद्यालयावर विश्वकोशात शोभेल अशी नोंद लिहून आणायची. बहुतेकांनी विर्नोडा येथील संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी कला व वाणिज्य महाविद्यालय निवडले. ज्यांचे आजोळ डिचोलीकडे आहे अशा दोघांनी साखळीचे सरकारी महाविद्यालय घेतले. वह्या तपासताना मुलांचा उत्साह पाहून बरे वाटले. पण यातली एखादी वही नागपूरच्या माणसाच्या हाती दिली असती, तर त्या महाविद्यालयात काय शिकवतात हे त्याला कळले नसते!

एका मुलीने तीन पानांपैकी दोन पाने सोहिरोबानाथांना दिली होती. बांद्याशी नाते असलेले अठराव्या शतकातील नाथपंथी संतकवी, त्यांची पदे, त्यांची भ्रमंती. अक्षर सुंदर, भाषाही गोड. तरीही आम्ही लाल रेघ ओढली, आणि ओढताना हात अडखळला. महाविद्यालयाच्या नोंदीत एवढेच हवे की हे नाव कोणाचे. पुढे ‘पहा : सोहिरोबानाथ’ म्हटले की झाले. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. त्याची पाने चाळा, अशी ‘पहा’ जागोजागी दिसेल. कोजागिरीची पेडण्याची पुनवही अशीच, तिची जागा पेडण्याच्या नोंदीत.

दुसरी चूक जवळजवळ सर्वांची. ‘हे गोवा विद्यापीठाचे महाविद्यालय आहे.’ विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा व पदवी त्याची. पण सरकारी महाविद्यालय चालवते गोवा सरकार. म्हणून ‘गोवा विद्यापीठाशी संलग्न सरकारी महाविद्यालय’ असे लिहावे. दोन शब्द जास्त लागतात, लागू द्यावेत.

हा ‘संलग्न’ शब्दसुद्धा जपून वापरावा लागतो. पणजीच्या धेंपे महाविद्यालयाबद्दल एका मुलाने लिहिले, ‘स्थापनेपासून गोवा विद्यापीठाशी संलग्न.’ धेंपे महाविद्यालय निघाले १९६२ साली, गोवा विद्यापीठ १९८५ साली. मधली तेवीस वर्षे गोव्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. त्या काळात पदवी घेतलेले कोणी घरात असतील तर त्यांचे प्रमाणपत्र मागून पहा, वर नाव मुंबईचे सापडेल.

‘सर्वांत जुने’, ‘सर्वांत मोठे’ हे शब्द तर आम्ही सरसकट खोडले. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आशियातील सर्वांत जुने म्हणतात. गोव्यात वैद्यकाचे वर्ग १८०१ साली सुरू झाले, पोर्तुगीजांची रीतसर वैद्यकशाळा १८४२ साली निघाली आणि आजचे गोवा मेडिकल कॉलेज हे नाव १९६३ सालापासूनचे. कलकत्ता व मद्रास येथील वैद्यकीय महाविद्यालये १८३५ सालची आहेत. म्हणजे १८०१ धरले तर आपण पुढे, १८४२ धरले तर मागे. नोंदीत तिन्ही वर्षे द्यावीत, वाचक आपले ठरवील.

‘नॅक’चा दर्जाही असाच. त्याला मुदत असते. कोणत्या वर्षी मिळाला हे न लिहिता नुसते अक्षर लिहिले तर ती जाहिरात झाली. स्नेहसंमेलनाचे वर्णन, प्राचार्यांचे कुशल मार्गदर्शन, स्वच्छ व्हरांडे हे सारे नियतकालिकात छापावे. (आमची पदवी हिंदी माध्यमाची. उत्तराच्या शेवटी प्रशस्तीचा एक परिच्छेद जोडायची सवय आम्हांलाही होती. ती फार उशिरा सुटली, तेव्हा मुलांवर रागावण्याचा अधिकार आम्हांला थोडाच!)

उलट जे सर्वांनी गाळले ते हवे होते. कोणत्या शाखा आहेत, कोणत्या नाहीत, एखादी बंद झाली असेल तर कधी, नाव बदलले असेल तर जुने नाव काय. बंद पडलेले लिहू नये असे मुलांना वाटते, त्यात कमीपणा दिसतो म्हणे. काही वर्षांपूर्वी आमची एक माजी विद्यार्थिनी एका संस्थेची छापील माहिती वाचून विज्ञानाच्या प्रवेशासाठी दोन बसगाड्या बदलून गेली. ती शाखा आदल्याच वर्षी बंद झालेली. परत येईपर्यंत दुसरीकडची मुदत टळली होती आणि तिचे वर्ष गेले. ती माहितीपुस्तिका आम्ही अजून कपाटात ठेवली आहे. कागद उत्तम, आत फोटोही पुष्कळ.

वह्या परत दिल्या आहेत, दुसरा खर्डा चतुर्थीच्या सुटीनंतर आणायचा आहे. वह्या घेऊन जाताना एकीने विचारले, “सर, कॉलेज बांधले ती जमीन आधी कोणाची होती, हे नोंदीत येते का?” आम्ही म्हटले, येते, कागद मिळाला तर एका ओळीत येते. ती आता पंचायतीत आणि तलाठ्याकडे विचारपूस करते आहे.